ग्रहण सुटले, ऊन राहिले

डोहाळजेवणाचे आपल्याकडे रूढ असलेले प्रकार एकदा ओळीने मांडून पाहावेत. चांदण्यातले, नावेतले, बागेतले, झोपाळ्यावरचे. हौस आणि ऐपत असेल तर एकाच गर्भारपणात यांतले दोन-तीनही होतात. नदी आटली, बाग उरली नाही, म्हणून आता मंगल कार्यालयाच्या व्यासपीठावर पुठ्ठ्याची चंद्रकोर उभी करतात आणि तिच्यात हिरव्या साडीतली, फुलांची वाडी ल्यालेली गर्भवती बसवतात. पण साधने बदलली तरी चित्र तेच आहे. या चित्रात चंद्र आहे, पाणी आहे, झाडे आहेत, झोक्याचा वारा आहे. सूर्य तेवढा नाही. मराठी समाजमनाने गरोदर स्त्रीची जी सुंदर प्रतिमा घडवली, ती सगळी सावलीत घडवली.

आणि तरीही या प्रदेशातल्या बहुसंख्य स्त्रियांचे गर्भारपण उन्हात जाते. नऊ महिने म्हटले की त्यात उन्हाळ्याचा निदान काही भाग येणारच. विदर्भात राहणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगावे लागत नाही. मे महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात येतो, तेव्हाच्या नऊ दिवसांना आमच्याकडे ‘नवतपा’ म्हणतात. पण तापण्याची सुरुवात होळीपासूनच झालेली असते. या उन्हाविषयी आपल्या परंपरेने गरोदर स्त्रीला काय सांगितले, हे शोधू लागल्यावर जे हाती आले ते विलक्षण वाटले, म्हणून हा लेख.

आधी शब्दापासून सुरुवात करू. ‘ऊन’ हा शब्द संस्कृत ‘उष्ण’पासून आला. मराठीत तो नाम म्हणून सूर्यप्रकाश सांगतो आणि विशेषण म्हणून उष्णता सांगतो. ‘अंगणात ऊन आले’ आणि ‘ऊन ऊन भात’ या दोन्ही ठिकाणी शब्द एकच आहे. वैद्यकशास्त्राला मात्र या दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. प्रकाशातील अतिनील किरण त्वचेवर परिणाम करतात. उष्णता सगळ्या शरीराला कामाला लावते. सावलीत बसलेल्या बाईला प्रकाश लागत नाही, पण पत्र्याखालची उष्णता लागते. आपल्या भाषेने या दोहोंना एकत्र बांधले आहे आणि त्यांच्या परिणामालाही एकच क्रियापद दिले आहे: ऊन ‘लागते’. जसे भूत लागते, दृष्ट लागते, ग्रहण लागते.

ग्रहणाचे नाव निघाले की गरोदर बाईचे नाव निघतेच. वेध लागल्यापासून मोक्षापर्यंत तिने चिरायचे नाही, शिवायचे नाही, गाठ मारायची नाही, बाहेर तर पडायचेच नाही. चिरले तर बाळाचा ओठ चिरलेला निघतो, अशी समजूत. 15 जानेवारी 2010 रोजी, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी, कंकणाकृती सूर्यग्रहण होते. कन्याकुमारी-रामेश्वरकडे कंकण दिसले, आमच्याकडे खंडग्रास. तेव्हा मला पाचवा संपत आला होता. आतेसासूबाई मुद्दाम दोन दिवस आधी येऊन राहिल्या होत्या. “सूनबाई, आज सुईला, सुरीला हात लावायचा नाही. निजायचंही नाही. फक्त बसून राहायचं.” मी बसून राहिले. खिडकीला चादर लावलेली होती. दुपारचे सुमारे साडेतीन तास घरातली चार माणसे माझ्यावर डोळ्यात तेल घालून पहारा करत होती. त्या पहाऱ्यात माया होती, हे नाकारण्याचे कारण नाही. जानेवारीचे ऊन होते, तेही अर्धे झाकलेले. म्हणजे वर्षातला सर्वांत निरुपद्रवी सूर्य त्या दिवशी आकाशात होता. नुसत्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहिले असते तर डोळ्यांना इजा झाली असती, आणि ती गरोदर नसणाऱ्यांनाही झाली असती. गर्भाला त्याच्यापासून कसलेही भय नव्हते.

तीन महिन्यांनी, एप्रिलमध्ये, विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा सुरू झाल्या. पर्यवेक्षणासाठी मी दुपारी निघत असे. तेव्हा आठवा सरत होता. याच घरातून, याच माणसांनी मला डबा हातात देऊन निरोप दिला. पारा चव्वेचाळीसच्या वर होता, पण कोणाला त्यात पाळण्यासारखे काही दिसले नाही. पपई मात्र घरात येऊ देत नव्हते, कारण ती ‘उष्ण’ पडते. तीळ, गूळ, बाजरी यांच्यातली उष्णता ओळखणारी आमची परंपरा डोक्यावरच्या उष्णतेपाशी अशी मुकी का होते, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला.

त्याचे उत्तर मिळाले ते आमच्या महाविद्यालयाच्या आवारात. त्या वर्षी ग्रंथालयाच्या इमारतीचे बांधकाम चालू होते. गिट्टी आणि वाळूची घमेली वाहणाऱ्या रेजांमध्ये माझ्यासारखीच एक दिवस गेलेली होती. माझ्यापेक्षा एखाद्या महिन्याने मागे असावी. दोघींची पोटे एकाच वेळी दिसू लागल्यामुळे आमची ओळख झाली. ग्रहणाच्या दिवशी ती कामावर नव्हती. ठेकेदाराने स्वतःहून तिला येऊ नको म्हणून सांगितले होते. विषाची परीक्षा कोण घेणार? एप्रिलमध्ये मात्र ती रोज असे. दुपारच्या सुट्टीत कडुनिंबाखाली बसून भाकर खाई आणि पुन्हा घमेले उचली. मी एकदा तिला म्हटले, ग्रहणाला सुट्टी मिळाली तशी या उन्हाला का मागत नाहीस? ती हसली. “गिऱ्हान एक दिवसाचं रायते, मॅडम, पाळता येते. ऊन तं रोजचं हाय, थे कसं पाळाव?”

या एका वाक्यात आपल्या सबंध आचारधर्माचे अर्थशास्त्र आहे. समाज पाळतो ते परवडणारे. ग्रहण वर्षा-दोन वर्षांतून एकदा येते आणि काही तासांत सुटते. तेवढी मजुरी बुडू शकते, तेवढे घरकाम थांबू शकते. ऊन सलग तीन महिने पाळायचे म्हणजे कोणीतरी तीन महिन्यांचे पाणी भरले पाहिजे, तीन महिन्यांची मजुरी दिली पाहिजे. म्हणून संकट झाकलेल्या सूर्यात शोधले गेले आणि उघडा सूर्य नित्याचा ठरला.

तिला दिवस भरण्याआधीच मुलगी झाली. मुलगी जगली, पण फार लहान होती. एका उदाहरणावरून कारण सांगता येत नाही हे मला कळते. अशक्तपणा, ओझे, अपुरी विश्रांती, कितीतरी कारणे एकमेकांत गुंतलेली असतात. मात्र अनेक उदाहरणे एकत्र केली की जे दिसते ते आता बऱ्यापैकी स्पष्ट झाले आहे. 2020 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने 27 देशांतील 70 अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. तापमान एका अंशाने वाढले की अकाली प्रसूतीची शक्यता सुमारे पाच टक्क्यांनी वाढते आणि उष्णतेच्या लाटेत ही वाढ सोळा टक्क्यांपर्यंत जाते, असे त्यात दिसले. तामिळनाडूतील 800 गरोदर कामगार स्त्रियांचा अभ्यास 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. अति उष्णतेत काम करणाऱ्या स्त्रियांमध्ये गर्भ गमावण्याचा धोका इतरांच्या जवळजवळ दुप्पट आढळला. शेत, वीटभट्टी, मिठागर, अशा ठिकाणी राबणाऱ्या स्त्रिया आणि त्यांच्याहून सावलीत काम करणाऱ्या स्त्रिया यांची ती तुलना होती.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने यात गूढ काही नाही. गरोदरपणात स्त्रीच्या अंगातले रक्त जवळजवळ दीडपट होते, हृदयाचे काम वाढते, आणि शरीर आधीच जास्त उष्णता निर्माण करत असते. गर्भाचे तापमान आईपेक्षा सुमारे अर्ध्या अंशाने अधिक असते. आपली उष्णता त्याला आईच्याच हवाली करावी लागते. बाहेर ऊन तापले की आईचे शरीर थंड राहण्यासाठी रक्त त्वचेकडे वळवते आणि घाम गाळते. पाणी कमी पडले तर गर्भाकडे जाणाऱ्या रक्ताच्या वाट्यालाही टंचाई येते. ‘दोन जिवांची’ हा शब्दप्रयोग आपण मायेने वापरतो. उन्हाच्या संदर्भात तो हिशेबाइतका कोरडा आणि अचूक आहे: दोन जिवांची उष्णता, आणि ती बाहेर टाकायला शरीर एकच.

परंपरेला उन्हाचे भय अगदीच नव्हते असे नाही. ते होते, पण भलत्याच कारणासाठी. शनीची लोकप्रचलित कथा पाहा. सूर्याची पत्नी संज्ञा हिला त्याचे तेज सोसवेना, तेव्हा ती आपली प्रतिकृती, छाया, मागे ठेवून निघून गेली. प्रत्यक्ष सूर्याच्या बायकोलाही ऊन लागले, आणि तिच्या जागी घर सांभाळायला सावली उरली, ही कल्पना मुळात केवढी काव्यमय आहे! पुढे विश्वकर्म्याने सूर्याला कानसावर धरून त्याचे तेज उतरवले, असेही पुराणे सांगतात. म्हणजे बाईला ऊन सोसत नसेल तर उन्हाला तासावे, असा विचार करणारी एक कथा आपल्याकडे होती. पण लोकांनी अधिक लक्षात ठेवली ती दुसरीच गोष्ट. छायेने गरोदरपणी रखरखत्या उन्हात तप केले, म्हणून पोटातला शनी काळा निपजला, आणि सूर्याने त्याला आपला मुलगा मानायचे नाकारले. आजही ‘उन्हात फार फिरू नको, बाळ सावळे होईल’ असे सांगणाऱ्या आज्या आणि केशर घातलेले दूध पुढे करणाऱ्या मावश्या याच कथेच्या वारसदार आहेत. काळजी बाळाच्या जिवाची नव्हे, त्याच्या रंगाची.

विज्ञानाने या भयाला दिलेले उत्तर मोठे उपरोधिक आहे. बाळाचा रंग आई किती उन्हात फिरली यावर ठरत नाही, तो आनुवंशिक असतो. त्याहीपुढची गोष्ट अशी की नीना जॅब्लॉन्स्की आणि जॉर्ज चॅप्लिन यांनी 2000 साली मांडलेल्या सिद्धान्तानुसार माणसाचा सावळा रंग उत्क्रांत होण्यामागे गर्भारपणच आहे. गर्भाच्या मज्जासंस्थेच्या घडणीला फोलेट लागते आणि तीव्र अतिनील किरणांनी ते रक्तातून कमी होऊ शकते. उष्ण प्रदेशात गडद त्वचेने या फोलेटचे रक्षण केले, असे ते म्हणतात. ही मांडणी मान्य केली तर ज्या सावळेपणाची गरोदर बाईला भीती घालतात, तोच पिढ्यान्‌पिढ्या तिच्या गर्भावर छत्री धरून उभा आहे.

छत्रीवरून रेणुकेची आठवण होणे अपरिहार्य आहे. महाभारताच्या अनुशासनपर्वात छत्री आणि पादत्राणांच्या जन्माची कथा आहे. जमदग्नी खेळ म्हणून बाण सोडत होते आणि रेणुका धावत जाऊन ते आणून देत होती. ज्येष्ठातली दुपार. तिचे डोके आणि पाय भाजू लागले, म्हणून ती क्षणभर झाडाच्या सावलीत थांबली आणि परतायला उशीर झाला. कारण ऐकून जमदग्नींनी सूर्यावरच बाण रोखला. तेव्हा सूर्य ब्राह्मणाच्या वेशात आला आणि त्याने छत्री व पादत्राणे दिली. माहूरच्या रेणुकेला कुलदेवता मानणाऱ्या आम्हा लोकांना ही कथा फारशी कोणी सांगत नाही. हे आणखी आश्चर्य. बाईला ऊन लागले याची दखल घेऊन कोणीतरी थेट सूर्याला जाब विचारला, आणि त्या भांडणातून छत्री जन्माला आली! अर्थात बाण आणायला भर दुपारी तिला कोणी पळवले, हा प्रश्न कथेत कोणी विचारत नाही.

दुसरी छत्री सीतेची. ज्याचे मूळ गाव विदर्भातले पद्मपूर मानले जाते, त्या भवभूतीच्या ‘उत्तररामचरिता’चा पहिला अंक आपण वर्षानुवर्षे शिकवतो. सीतेचे दिवस भरत आले आहेत. लक्ष्मण तिला भिंतीवरची चित्रे दाखवतो आहे. त्यांतल्या एका भयंकर प्रसंगावरून नजर काढून घेत ती म्हणते, त्यापेक्षा मला दक्षिणारण्यात शिरतानाचे चित्र पाहू दे, ज्यात आर्यपुत्रांनी स्वतःच्या हाताने माझ्यावर ताडपत्राची छत्री धरली होती. वनवासाच्या सगळ्या आठवणींमधून, पोट घेऊन बसलेल्या बाईला नेमकी आठवते ती छत्री. उन्हाच्या प्रदेशाशी नाते असलेल्या कवीलाच हे सुचावे. आणि त्याच अंकाच्या शेवटी तोच हात तिला वनात पाठवण्याची आज्ञा देतो. वर्गात आम्ही इथे करुणरसाची चर्चा करतो. मला मात्र अलीकडे वाटते की या अंकाचा सगळा भार त्या छत्रीवर आहे: सावली धरणारा हात मागे घेतला गेला, एवढीच ती शोकांतिका.

हे आमच्याआधी जात्यावर बसणाऱ्या बायांना कळले होते. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या गेल्या. त्यांत सीतेच्या वनवासाच्या ओव्यांचा मोठा भाग आहे. रामाच्या राज्याभिषेकापेक्षा गरोदर सीतेचे एकटे पडणे या बायांना जवळचे वाटले, कारण ते त्यांच्या ओळखीचे होते.

आजही ते ओळखीचेच आहे. दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला निघणारी जोडपी मार्च-एप्रिलपर्यंत फडात असतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. उचल आधीच घेतलेली असते, आणि एक दिवसही काम बुडले तर खाड्याचा दंड पडतो. अशा व्यवस्थेत बाई गरोदर राहिली तरी कोयता अर्धा होऊ शकत नाही. डोक्यावर मोळी, भोवती उन्हात तापलेले पाचट. चंद्रकोरीतल्या डोहाळजेवणाचे चित्र ज्या भाषेत आहे, त्याच भाषेत ‘खाडा’ हा शब्दही आहे.

मग करायचे काय? काही गोष्टी साध्या आहेत आणि त्या आमच्या वर्गात बसणाऱ्या मुलींनाही सांगाव्यात अशा आहेत, कारण आता लग्न होऊन, दिवस राहूनही मुली पदवीच्या परीक्षेला बसतात. अकरा ते चार उन्हात जाणे टाळावे. टळत नसेल तर डोक्यावर सुती ओढणी, हातात छत्री आणि अंगावर सैल कपडे असावेत. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक, पन्हे पीत राहावे. रक्तदाब वाढलेला असेल तर मिठाचे प्रमाण डॉक्टरांना विचारावे. गालावर, कपाळावर उठणारे वांग उन्हाने गडद होतात, म्हणून चेहरा झाकावा. सूर्याशी वैर मात्र धरू नये: ‘ड’ जीवनसत्त्वासाठी थोडे ऊन अंगावर घ्यावे, पण ते तापण्यापूर्वीचे, आणि गोळीची गरज आहे का ते डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. गरगरले, डोके ठणकू लागले, लघवी कमी व गडद झाली, तर लगेच सावलीत आडवे व्हावे, अंग ओल्या फडक्याने पुसावे. घाम थांबून अंग तापले, बोलणे असंबद्ध झाले, पोटात कळा आल्या किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर घरगुती उपाय करत न बसता दवाखाना गाठावा. खिशातल्या कांद्याने यातले काहीही थांबत नाही.

पण हा उपदेश ज्यांना पाळता येतो त्यांच्यासाठी आहे. ज्यांना पाळता येत नाही त्यांच्यासाठी सावली दुसऱ्या कोणीतरी करावी लागते, आणि ती करता येते याचे एक उदाहरण त्याच 2010 सालचे आहे. त्या मे महिन्यात अहमदाबादेत उष्णतेची भीषण लाट आली. त्या एका महिन्यात नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू अधिक झाल्याचे पुढे अभ्यासकांनी मोजले. त्या शहरातल्या एका रुग्णालयात प्रसूतिकक्ष सर्वांत वरच्या मजल्यावर, तापलेल्या छताखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवला, आणि उष्णतेमुळे अतिदक्षता विभागात दाखल कराव्या लागणाऱ्या नवजात बाळांचे प्रमाण 64 टक्क्यांनी कमी झाले. खाटा खाली आणल्या, एवढेच. पुढे 2013 मध्ये त्या शहराने उष्णतेचा कृती आराखडा तयार केला आणि नंतर नागपूरसह अनेक शहरांनी तो मार्ग धरला. 2005 च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीतही कामाच्या जागी पिण्याचे पाणी, मुलांसाठी सावली आणि विश्रांती यांची तरतूद केलेली होती. ‘सावली’ हा शब्द काव्यातून कायद्यात आला, ही मला मोठी साहित्यिक घटना वाटते.

मराठीत ‘पाळणे’ या क्रियापदाचा पसारा मोठा आहे. आपण शब्द पाळतो, वेळ पाळतो, सुतक पाळतो, विटाळ पाळतो, ग्रहण पाळतो. जोपासणे, जीव लावून वाढवणे हाही त्याचाच अर्थ. बाळाचा पाळणा त्याच्या शेजारीच झुलतो आहे. ग्रहण पाळण्याच्या प्रथेची टिंगल करणे सोपे आहे आणि ती पुष्कळ झाली. पण त्या प्रथेत एक गोष्ट अशी आहे की जी आपल्या दुसऱ्या कोणत्याच व्यवहारात नाही. तिथे गरोदर बाईला काम थांबवण्याची परवानगी मागावी लागत नाही. घर, शेजार, मुकादम, ठेकेदार, सगळे आपणहून म्हणतात, आज तू बस. एवढे सामाजिक एकमत आपण काही तासांच्या सावटासाठी राखून ठेवले आहे. ते एकमत मोडून काढण्यापेक्षा त्याची जागा बदलावी. ‘ऊन पाळणे’ असा शब्दप्रयोग अजून मराठीच्या कोणत्या कोशात नसेल. तो रूढ व्हायला हवा. म्हणजे फडावरच्या मुकादमाला आणि परीक्षाकेंद्राच्या प्रमुखाला कोणी म्हणू शकेल, तिला ऊन आहे, ती चारनंतर येईल. आणि त्यावर कोणी कारण विचारणार नाही, खाडाही मांडणार नाही.